पान एक, ब्राउझर अनेक

१९९८ ते २००३ या काळात ज्यांनी इंटरनेटवर मराठी वाचण्याचा खटाटोप केला, त्यांना एक अनुभव नक्की आठवत असेल. सायबर कॅफेतल्या एका संगणकावर मराठी वर्तमानपत्राचे पान व्यवस्थित दिसे. शेजारच्या संगणकावर तेच पान उघडले, की पडद्यावर रोमन अक्षरे, त्यांच्या डोक्यावर टिंबे आणि टोप्या, मधूनच पौंडाचे चिन्ह असा सगळा गोंधळ. दोन्ही संगणक सारखे, टेलिफोनची तार एकच, पानही तेच. पुष्कळदा फरक असे तो पान दाखवणाऱ्या आज्ञावलीत, म्हणजेच ब्राउझरमध्ये.

आजच्या विद्यार्थ्यांना हे खरे वाटणार नाही. कोणतेही पान कोणत्याही ब्राउझरमध्ये जवळजवळ सारखेच दिसते, हे ते गृहीत धरतात. पण हा सारखेपणा आपोआप आलेला नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे चढाओढ झाली, न्यायालयात खटले झाले, आणि एका टप्प्यावर तो हातचा जाण्याच्या बेतात होता. 'सर्वांत चांगला ब्राउझर कोणता?' हा वाद तेव्हाही रंगे आणि आजही रंगतो. या लेखात त्या वादाचा इतिहास पाहू. तो पाहिल्यावर, प्रश्नच थोडा वेगळा विचारायला हवा होता, असे आपल्या लक्षात येईल.

ब्राउझर करतो काय?

वेबवरील पान म्हणजे चित्र नव्हे. दूरच्या संगणकाकडून आपल्याकडे येतो तो साधा मजकूर आणि त्यात जागोजागी पेरलेल्या खुणा. येथे शीर्षक सुरू, येथे परिच्छेद संपला, येथे दुसऱ्या पानाचा दुवा, अशा त्या खुणा असतात. त्यांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. ब्राउझर त्या खुणा वाचतो आणि पान पडद्यावर मांडतो. गायनाच्या पुस्तकातील स्वरलिपी आणि गायक यांचे जे नाते, तेच पान आणि ब्राउझर यांचे. एकच स्वरलिपी दोघांनी सारखी गायची असेल, तर कोणत्या चिन्हाचा अर्थ काय, याबद्दल आधी एकमत हवे. एखाद्या गायकाने स्वतःपुरती नवी चिन्हे काढली आणि लोक त्याच चिन्हांत पुस्तके छापू लागले, तर इतर गायकांना ती पुस्तके निरुपयोगी ठरतील. ब्राउझरच्या इतिहासात नेमके हेच घडले.

जिनिव्हा ते इलिनॉय

वेबचा जन्म जिनिव्हाजवळच्या सर्न या मूलकण भौतिकीच्या प्रयोगशाळेत झाला. तेथे अनेक देशांचे शास्त्रज्ञ आपापल्या पद्धतीचे संगणक घेऊन काम करत, आणि एका संगणकावरची कागदपत्रे दुसऱ्यावर वाचता येत नसत. या अडचणीवर उपाय म्हणून टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये एक प्रस्ताव मांडला आणि १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर तयार केला. त्यात पाने वाचता येत, तशी लिहिताही येत. मात्र तो 'नेक्स्ट' या एकाच जातीच्या संगणकावर चाले. म्हणून निकोला पेलो या विद्यार्थिनीने १९९१ मध्ये केवळ अक्षरे दाखवणारा साधा ब्राउझर लिहिला. तो बहुतेक कोणत्याही संगणकावर चालत असे. कोठलेही पान कोठेही वाचता यावे, हा वेबचा मूळ हेतू या दुसऱ्या ब्राउझरात अधिक स्पष्ट दिसतो. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबच्या आज्ञावलीवरचा आपला हक्क सोडून दिला. यापुढे कोणीही, कोणाचीही परवानगी न घेता, शुल्क न भरता ब्राउझर बनवू शकत होते.

त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या महासंगणन केंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी 'मोझेइक' हा ब्राउझर तयार केला. मजकुराच्या मध्येच चित्र दाखवण्याची त्याची सोय लोकांना फार आवडली. या सोयीची कथा उद्बोधक आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये अँड्रीसन यांनी चित्रासाठी नवी खूण सुचवली. बर्नर्स-ली आणि इतरांनी वेगळे मार्ग सुचवले. चर्चेतून एकमत होण्याची वाट न पाहता मोझेइक अँड्रीसन यांची खूण घेऊन बाहेर पडला. लोकांनी तो उचलून धरला आणि ती खूण कायमची झाली. आजही आपण तीच वापरतो. आधी करून मोकळे व्हावे, एकमत मागाहून होईल, हा धडा सर्वांनी येथे गिरवला. पुढच्या साऱ्या वादाचे बीज येथेच आहे.

पहिली लढाई

१९९४ मध्ये अँड्रीसन यांनी जिम क्लार्क यांच्याबरोबर एक कंपनी काढली. तीच पुढे नेटस्केप म्हणून गाजली. तिचा 'नेव्हिगेटर' डिसेंबर १९९४ मध्ये आला आणि पाहता पाहता सर्वत्र पसरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बर्नर्स-ली यांनी वेबची प्रमाणके ठरवण्यासाठी डब्ल्यू३सी ही संस्था स्थापन केली होती. पण प्रमाणके ठरवणारी समिती बैलगाडीने निघाली होती आणि कंपन्या आगगाडीने.

९ ऑगस्ट १९९५ रोजी नेटस्केपचे समभाग बाजारात आले. २८ डॉलरना देऊ केलेला भाग दिवसअखेर ५८ डॉलरच्या वर गेला. त्यानंतर सहाच दिवसांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. आपल्याकडच्या अनेकांची सुरुवात केवळ अक्षरे दाखवणाऱ्या खात्याने झाली. त्यांचा पहिला ब्राउझर म्हणजे कॅन्सस विद्यापीठात तयार झालेला 'लिंक्स'. आणि त्याच ऑगस्ट महिन्यात मायक्रोसॉफ्टने 'इंटरनेट एक्स्प्लोरर' बाहेर काढला. मोझेइकचे हक्क स्पायग्लास या कंपनीकडून घेऊन त्याच पायावर तो उभा केला होता.

यानंतरची तीन वर्षे दोन्ही कंपन्या दर काही महिन्यांनी नवी आवृत्ती काढत होत्या. अक्षरे उघडझाप करणारी खूण नेटस्केपने काढली, तर अक्षरे सरकवणारी मायक्रोसॉफ्टने. मे १९९५ मध्ये नेटस्केपच्या ब्रेंडन आइक यांनी अवघ्या १० दिवसांत एका नव्या संगणकभाषेचा पहिला नमुना लिहिला. तीच जावास्क्रिप्ट. मायक्रोसॉफ्टने लगोलग तिची स्वतःची आवृत्ती केली, पण ती तंतोतंत तशी नव्हती. पानांच्या तळाशी 'हे पान अमुक ब्राउझरमध्येच उत्तम दिसते' अशा पाट्या झळकू लागल्या. ज्या रोगावर औषध म्हणून वेब जन्माला आले होते, तोच रोग आता वेबला जडला होता.

ऑक्टोबर १९९७ मध्ये एक्स्प्लोररची चौथी आवृत्ती आली. त्या रात्री मायक्रोसॉफ्टच्या काही उत्साही मंडळींनी नेटस्केपच्या कार्यालयासमोरच्या हिरवळीवर आपले 'ई' हे भलेमोठे बोधचिन्ह आणून ठेवले. नेटस्केपच्या लोकांनी ते आडवे पाडले, त्यावर आपला 'मोझिला' हा डायनोसॉर उभा केला आणि त्याच्या गळ्यात पाटी अडकवली, 'नेटस्केप ७२, मायक्रोसॉफ्ट १८'. ही त्या वेळच्या वापराची टक्केवारी होती. पुढच्या चार-पाच वर्षांत ती उलटीपालटी झाली.

याचे कारण केवळ गुणवत्ता नव्हते. वैयक्तिक संगणकांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांवर मायक्रोसॉफ्टचे विंडोज होते, आणि एक्स्प्लोरर त्यातच फुकट मिळे. जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केपनेही आपला ब्राउझर फुकट केला आणि त्याची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली करण्याचे जाहीर केले. मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. जून २००० मध्ये न्यायाधीश जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. जून २००१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो रद्द केला, पण मक्तेदारी टिकवण्यासाठी कंपनीने गैरमार्ग वापरला हा निष्कर्ष कायम ठेवला. तोवर नेटस्केप अमेरिका ऑनलाइनने विकत घेतली होती आणि लढाई संपली होती.

जिंकल्यानंतर

येथे मायक्रोसॉफ्टला न्याय द्यायला हवा. नेव्हिगेटरच्या चौथ्या आवृत्तीपेक्षा एक्स्प्लोररची चौथी-पाचवी आवृत्ती खरोखरच सरस होती. संपूर्ण पान पुन्हा न मागवता त्यातला लहानसा भाग बदलण्याची युक्ती १९९९ मध्ये एक्स्प्लोररनेच प्रथम आणली. पुढे पडद्यावर सरकवता येणारे नकाशे त्याच युक्तीने शक्य झाले.

पण प्रतिस्पर्धी उरला नाही, तशी प्रगतीही थांबली. सहावी आवृत्ती ऑगस्ट २००१ मध्ये आली आणि सातवी ऑक्टोबर २००६ मध्ये. मधली पाच वर्षे जगातील ९० टक्क्यांच्या आसपास लोक जवळजवळ तोच ब्राउझर वापरत राहिले. त्यातल्या सुरक्षेच्या त्रुटी रोज चव्हाट्यावर येत, आणि प्रमाणकांपासून तो जेथे ढळला होता तेथे पाने लिहिणारेही त्याच्या कलाने ढळत. दक्षिण कोरियात ऑनलाइन बँकव्यवहारासाठी १९९९ पासून जी सुरक्षापद्धत रूढ झाली, ती केवळ एक्स्प्लोररमध्ये चालणाऱ्या तंत्रावर बेतलेली होती. दहा वर्षांहून अधिक काळ तेथे दुसरा ब्राउझर वापरणाऱ्याला घरबसल्या बँकेचे व्यवहार करणे दुरापास्त होते. एका कंपनीचा निर्णय अशा रीतीने साऱ्या देशाची सवय होऊन बसला.

मराठीची फरफट

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. त्या काळी मराठी फाँट बनवणारी प्रत्येक कंपनी रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरीचे आकार आपापल्या मर्जीने बसवत असे. तो फाँट संगणकावर नसला, की त्या क्रमांकांची मूळ रोमन अक्षरे दिसत. यावर तोडगा म्हणून पानाबरोबरच फाँटही पाठवण्याची सोय १९९७ मध्ये निघाली. पण नेटस्केपने एक पद्धत स्वीकारली आणि मायक्रोसॉफ्टने दुसरी. एकीचा फाँट दुसरीला चालत नसे. मराठी संकेतस्थळ चालवणाऱ्याने दोन्ही पद्धतींचे फाँट तयार करावेत, नाहीतर एका बाजूच्या वाचकांवर पाणी सोडावे. एक्स्प्लोरर जिंकल्यावर पुष्कळांनी दुसरा पर्याय निवडला.

यातून सुटका झाली ती कोणा एका ब्राउझरच्या विजयामुळे नव्हे, तर दोन प्रमाणकांमुळे. पहिले युनिकोड. त्यात देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो कोणत्याही फाँटवर अवलंबून नाही. १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरी त्यात होती. पण क्रमांक असून भागत नाही. 'कि' लिहिताना युनिकोडमध्ये आधी क आणि मग ऱ्हस्व इकार साठवतात. पडद्यावर मात्र इकार आधी यायला हवा. ही जुळवाजुळव संगणकाने आणि ब्राउझरने करायची असते. ज्यांना ती येत नसे, ते इकार क च्या पुढे टाकत आणि जोडाक्षरे पाय मोडून दाखवत. ही सोय सर्वत्र पोचायला १० वर्षांहून अधिक काळ लागला. दुसरे प्रमाणक पानाबरोबर फाँट पाठवण्याचे. मोझिला, ऑपेरा आणि मायक्रोसॉफ्ट या एकमेकांच्या प्रतिस्पर्ध्यांनी २०१० मध्ये त्याचा एकत्रित प्रस्ताव डब्ल्यू३सीकडे दिला. १९९७ चा तंटा असा १३ वर्षांनी मिटण्याच्या मार्गाला लागला.

सोन्याची कसोटी

नेटस्केपने खुली केलेली आज्ञावली वाया गेली नाही. तिच्यावर जगभरच्या स्वयंसेवकांनी काम केले, २००३ मध्ये मोझिला फाउंडेशन स्थापन झाले आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली. एकाच खिडकीत अनेक पाने उघडण्याची सोय आणि नको असलेल्या जाहिरात-खिडक्यांना मज्जाव यांमुळे तो लोकप्रिय झाला. काही वर्षांत त्याचा वाटा ३० टक्क्यांच्या आसपास गेला. त्याआधी २००३ च्या आरंभी अ‍ॅपलने सफारी आणला होता. नॉर्वेचा ऑपेरा १९९० च्या दशकापासून होताच.

आता प्रश्न होता, प्रमाणके खरोखर कोण पाळतो हे ठरवायचे कसे? एप्रिल २००५ मध्ये 'अ‍ॅसिड २' ही चाचणी प्रसिद्ध झाली. सोनार अ‍ॅसिड लावून सोन्याचा कस पाहतो, त्यावरून हे नाव. चाचणीचे पान प्रमाणकांनुसार मांडले, तर हसरा चेहरा दिसे. एखादा नियम चुकला, की चेहरा विस्कटे. सफारीच्या विकसकांनी त्याच महिन्यात ती पार केल्याचे जाहीर केले. एक्स्प्लोररची आठवी आवृत्ती २००९ मध्ये ती पार करून बाहेर आली. 'माझा ब्राउझर चांगला' या वादाला एक वस्तुनिष्ठ मोजपट्टी मिळाली होती. स्पर्धा तीच होती, पण आता नवी खूण काढण्याऐवजी ठरलेली खूण नीट वाचण्याची स्पर्धा लागली. वेबची खरी भरभराट या काळात झाली.

पुन्हा एकच?

सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने क्रोम आणला. तो वेगवान होता, आणि एक पान कोसळले तरी बाकीची पाने चालू राहत. आज जगातील सुमारे दोन तृतीयांश वापर क्रोमचा आहे. पण केवळ ब्राउझरची नावे मोजून भागत नाही, आतले इंजिन पाहावे लागते. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचे इंजिन सोडून क्रोमचे घेतले. मायक्रोसॉफ्टने तोच निर्णय डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केला आणि जानेवारी २०२० पासून त्याचा 'एज' हा ब्राउझर क्रोमच्याच इंजिनावर चालतो. एक्स्प्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. मोठी इंजिने आता तीनच उरली, गूगलचे, अ‍ॅपलचे आणि मोझिलाचे. त्यांतही गूगलचे इंजिन अ‍ॅपलच्या इंजिनापासून फुटून निघालेले. फायरफॉक्सचा वाटा थोड्या टक्क्यांवर आला आहे. शिवाय मोझिलाचे बहुतांश उत्पन्न गूगलकडूनच येते, फायरफॉक्समध्ये गूगलचा शोध आपोआप उघडावा म्हणून.

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायाधीश मेहता यांनी शोधसेवेत गूगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. क्रोम विकायला लावा, अशी मागणी सरकारने केली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायाधीशांनी ती मान्य केली नाही, पण एकमेव निवडीची सक्ती करणारे करार करण्यास मनाई केली.

यावर दोन मते ऐकू येतात. एक मत म्हणते की इंजिन एकच असले तर बिघडले कुठे? त्याची आज्ञावली खुली आहे, कोणीही ती तपासावी. पाने लिहिणाऱ्यांचे श्रम वाचतात आणि सर्वांना पान सारखेच दिसते. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. तीन-तीन इंजिने सांभाळण्याचा खर्च प्रचंड आहे.

दुसरे मत समजण्यासाठी विज्ञानातला एक नियम आठवावा. एका प्रयोगशाळेत मिळालेला निष्कर्ष दुसऱ्या, स्वतंत्र प्रयोगशाळेत पडताळला गेला, तरच आपण तो स्वीकारतो. पहिल्याच प्रयोगशाळेचे उपकरण उसने घेऊन केलेली पडताळणी फारशी उपयोगाची नसते, कारण उपकरणातला दोष दोघांच्याही निष्कर्षात येतो. प्रमाणकांचेही असेच आहे. ब्राउझरमध्ये माहितीचा साठा ठेवण्याची एक पद्धत डब्ल्यू३सीपुढे आली होती. ती चालतही होती. पण नोव्हेंबर २०१० मध्ये तिचे काम थांबवले गेले. कारण एवढेच की ती राबवणाऱ्या सर्वांनी आत एकच आज्ञावली वापरली होती. प्रमाणक बरोबर लिहिले आहे, की ती आज्ञावली जे करते त्यालाच आपण प्रमाणक म्हणतो आहोत, हे कळायला मार्ग नव्हता.

मला हे दुसरे मत अधिक पटते. खुली आज्ञावली सर्वांना वाचता येते हे खरे, पण पुढे काय घालायचे आणि काय काढायचे हे ज्याचे मनुष्यबळ अधिक तोच ठरवतो. एक्स्प्लोररची ती पाच वर्षे कोणाच्या दुष्टपणामुळे आली नाहीत. तुलना करायला दुसरे कोणी उरले नव्हते, म्हणून आली. म्हणून 'सर्वांत चांगला ब्राउझर कोणता?' याऐवजी 'आपले पान किती स्वतंत्र ब्राउझरांत नीट वाचता येते?' हा प्रश्न विचारायला हवा.

वर्गात करून पाहण्यासारखे

शाळेच्या संगणकावर क्रोम आणि फायरफॉक्स असे दोन ब्राउझर घ्या आणि एकच मराठी पान दोन्हींत उघडा. अक्षरे, जोडाक्षरे, ओळी कोठे तुटतात, हे विद्यार्थ्यांना बारकाईने टिपू द्या. शाळेचे संकेतस्थळ किंवा एखादा ऑनलाइन अर्ज दोन्हींत चालतो का, तेही पाहा. चालत नसेल तर संबंधितांना तसे कळवा.

दुसरा प्रयोग अधिक गमतीचा आहे. प्रत्येक ब्राउझर पान मागवताना आपली ओळख सांगतो, आणि ती ओळ दाखवणारी संकेतस्थळे सहज सापडतात. क्रोमची ओळख पाहिली तर तीत आधी मोझिला, मग अ‍ॅपलच्या इंजिनाचे नाव, मग 'गेकोसारखा' म्हणजे फायरफॉक्सच्या इंजिनासारखा, मग क्रोम आणि शेवटी सफारी असे सगळे आढळते. याचे कारण इतिहासात आहे. नेव्हिगेटर आपली ओळख 'मोझिला' अशी देत असे, आणि काही संकेतस्थळे ते नाव पाहूनच चांगले पान पाठवत. म्हणून एक्स्प्लोररनेही स्वतःला मोझिला म्हणवून घेतले, आणि पुढे प्रत्येक नव्या ब्राउझरने आधीच्यांची नावे लावली. माणसाच्या शरीरातील माकडहाड जसे शेपटीची आठवण सांगते, तशी ही ओळ जुन्या लढाईची आठवण सांगते. जीवशास्त्राच्या तासाला अवशेषांगे शिकवताना हे उदाहरणही विद्यार्थ्यांना दाखवता येईल.